शिटी वाजूंक ना

मी दस्त लिहून पोट भरतो. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोड. सावंतवाडीत पंचवीस वर्षं लोकांच्या जमिनींच्या चतुःसीमा लिहितोय आणि आजवर माझ्या एकाही दस्तात कुणाला पळवाट सापडलेली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यात चूक माझ्याच मसुद्याची होती.

सासुरवाडी मडगावची, बोर्ड्याला. गच्चीत उभं राहिलं की फातोर्ड्याच्या स्टेडियमचे दिवे दिसतात. २०१४ साली आयएसएल ही फुटबॉलची लीग सुरू झाली, आमच्या एफसी गोवा टीमला शिकवायला ब्राझीलचा साक्षात झिको आला आणि सासुरवाडीला जाण्याचा मला एकाएकी उत्साह आला. नवरा सुधारला असं बायकोला वाटलं. तो गैरसमज पहिल्या मोसमापुरता टिकला.

सासरे जुने साळगावकरवाले. साळगावकर, धेंपो, चर्चिल या गोव्यातल्या जुन्या क्लबांच्या मॅचेस बघत त्यांची हयात गेली. आम्ही नारिंगी टी-शर्ट घालून जे बघतो तो त्यांच्या मते फुटबॉल नव्हे, लायटिंग. तरीही प्रत्येक मॅच ते टीव्हीवर शेवटपर्यंत बघतात आणि आपण पुढे असलो की फक्त एकच वाक्य बोलतात. "अजून शिटी वाजूंक ना." म्हणजे मॅच संपल्याची शिटी अजून वाजलेली नाही.

हे वाक्य मी पहिल्यांदा नीट ऐकलं ते २० डिसेंबर २०१५ ला. आयएसएलची फायनल फातोर्ड्यालाच, समोर चेन्नईन. त्या दिवशी मेवण्याने सासऱ्यांनाही मैदानावर आणलं होतं. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला जोफ्रेने गोल मारला, आपण २-१. मी मेवण्याला मिठी मारली, मागच्या रांगेतल्या अनोळखी माणसाला मारली, बंदोबस्ताच्या हवालदाराकडे वळणार तेवढ्यात सासरे बसल्या जागेवरून म्हणाले, "अजून शिटी वाजूंक ना." नव्वदाव्या मिनिटाला चेंडू आमच्याच गोलकीपरला लागून आत गेला. दोन मिनिटांनी मेंडोझाने आणखी एक घातला. २-३. घरी जाताना सासरे काही बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

२०१९ ची फायनल अंधेरीत झाली. बेंगळुरूच्या राहुल भेकेने एकशे सतराव्या मिनिटाला डोकं लावलं, ०-१. मुंबईचाच पोरगा, भेके आडनावाचा! त्या रात्री मराठी बाणा वगैरे मला काही सुचलं नाही.

आणि २०२० चं तर कुणाला समजावून सांगायचीही सोय नाही. साखळीत आपण पहिले आलो, पण प्लेऑफ म्हणजे तोंडी परीक्षा, लेखीचे मार्क तिथे धरत नाहीत. उपांत्य फेरीत चेन्नईला जाऊन १-४ हरलो, मग फातोर्ड्याला ४-२ जिंकलो. घरी टीव्हीसमोर डोकं धरून बसलो होतो. आईने विचारलं, "जिंकले ना रे?"

"जिंकले."

"चार गोल केले ना?"

"केले."

"मग कोणी मेल्यासारखा काय बसलायस?"

मी तिला दोन मॅचची बेरीज समजावली. पाच आणि सहा. ती ऐकून घेऊन म्हणाली, "म्हणजे मागची उधारी होती." एवढ्या नेमक्या शब्दांत हा नियम मला कुणीच सांगितला नव्हता.

२०२४ ला मात्र मी देवाकडे गेलो. आमच्याकडे कोर्टात जायच्या आधी गाऱ्हाणं घालायची पद्धत आहे, आणि पुष्कळदा नंतरही. २४ एप्रिलला उपांत्य फेरीची पहिली मॅच, समोर मुंबई सिटी. सकाळी नारळ घेऊन रवळनाथाच्या देवळात गेलो. गुरवकाकांनी हरकत काढली, "टीम गोयची, आणि गाऱ्हाणां हंय कशाक?"

हद्दीचा प्रश्न म्हणजे माझा प्रांत. मी म्हटलं, पेडण्यालाही रवळनाथच आहे. शिवाय पेडणं एके काळी सावंतवाडीकरांच्याच ताब्यात होतं. मूळ मालकी आपली. गुरवकाकांना पटलं असावं, किंवा नारळ मोठा होता म्हणूनही असेल. मी मसुदा कागदावर लिहूनच नेला होता. त्यांनी तो चष्मा वर करून, सूर लावून म्हटला:

"बा देवा रवळनाथा म्हाराजा, ह्यो तुझो लेकरू आज तुझ्या पायाकडे इलो हा. गोव्याचे दोन गोल होऊंदेत रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" देवळात होते नव्हते ते चौघे म्हणाले.

"आणि मुंबयवाल्यांका नव्वद मिनटांपर्यंत एक पण गोल घालूक देव नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

दुपारची गाडी पकडून मडगाव गाठलं. संध्याकाळी फातोर्ड्याला पहिला गोल बोरिसचा, दुसरा ब्रँडनचा. दोन! मोजून दोन. अठ्ठ्याऐंशी मिनिटं झाली तरी २-० च. मेवणा म्हणाला, "भावोजी, आत्ताच निघूया. नंतर स्कूटर बाहेर काढायला अर्धा तास जाईल." देवावर भरवसा असलेला माणूस पार्किंगचा विचार करतो. आम्ही निघालो.

स्कूटर लांब लावली होती. चालता चालता मागचा ढोल थांबला. मेवणा म्हणाला, "संपली वाटतं." थोड्या वेळाने स्टेडियम अगदीच गप्प झालं. मी म्हटलं, "गोयकार ते, सुशेगाद आनंद करतायत." माझ्या फोनची बॅटरी संपली होती, त्याचा डिकीत होता. वाटेत एक दुकान बंद होत होतं, शटर धरून अर्धा किलो पेढे घेतले.

घरात शिरलो तर सगळी मंडळी पितृपक्षातल्यासारखी बसलेली. मी पुडा उघडून सासऱ्यांपुढे धरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेढ्याकडे पाहिलं, एक पेढा उचलला आणि सावकाश खाल्ला. मग विचारलं, "भायर सरतना शिटी वाजिल्ली?"

नव्वदाव्या मिनिटाला छांगते. लगेच विक्रम प्रताप. सहाव्या जादा मिनिटाला पुन्हा छांगते. २-३. आम्ही पार्किंगमध्ये वाचवलेल्या अर्ध्या तासात मुंबईने सगळा कारभार उरकला होता. परतीच्या मॅचला मुंबईत ०-२. आणि मोसम संपल्यावर ब्रँडनही मुंबईकडेच गेला. तो अस्सल मडगावचा. त्या बातमीवर सासूबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत.

रात्रभर मी तो कागद काढून वाचत होतो. "नव्वद मिनिटांपर्यंत." पर्यंत! वीस वर्षं हाताखालच्या पोरांना शिकवतोय की "पर्यंत" लिहिलं की पुढे "धरून" लिहा, नाहीतर शेवटचा दिवस वादात जातो. आणि जादा मिनिटांचा तर कागदात उल्लेखच नव्हता. देवाने लिहिल्याबरहुकूम सगळं दिलं होतं. दोन गोलसुद्धा.

२०२५ ला मी काही शिल्लक ठेवायचं नाही असं ठरवलं. उपांत्य फेरीची बेंगळुरूची पहिली मॅच तिकडे ०-२ गेलेली, दुसरी ६ एप्रिलला फातोर्ड्याला, नेमकी रामनवमी. गुरवकाका घाईत होते, म्हणाले, एकच मागणं सांगा. मी म्हटलं, शिटी वाजेपर्यंत, शिटी धरून, जादा मिनिटांसह, आजची मॅच गोव्याला जिंकू दे. व्हय म्हाराजा.

या वेळी मी खुर्चीतून हललो नाही. मेवण्याने लघवीलासुद्धा जाऊ दिलं नाही. बोर्हाचा गोल झाला, अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला सादिकूचा झाला, बेरीज २-२. आता जादा वेळ होणार म्हणून मी गुडघे चोळत होतो. आणि ब्याण्णवाव्या मिनिटाला बेंगळुरूचा चाळीस वर्षांचा सुनील छेत्री हवेत गेला आणि डोक्याने गोल करून आला. चाळिशीत मला स्टुलावर चढून माळ्यावरचं पातेलं काढता येत नव्हतं.

मॅच आपण २-१ जिंकलो. शिटी धरून. बेरजेत २-३ ने बाहेर.

गुरवकाकांना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, 'आजची मॅच' कित्याक लिवलात? पुढल्या टायमाक वकिलाक दाखवून आणा."

त्यानंतर मी कागद फाडला. ३ मे ला भुवनेश्वरला आपली सुपर कपची फायनल होती, पण मी कुडाळला एका लग्नाच्या स्वागत समारंभात होतो. ना नारळ, ना मसुदा, नारिंगी टी-शर्टही धुवायला टाकलेला. आइस्क्रीमच्या रांगेत उभा असताना फोन वाजला. सासऱ्यांचा. अकरा वर्षांत त्यांनी मला आपणहून कधी फोन केला नव्हता, त्यामुळे पोटात गोळाच आला.

"किती?" मी विचारलं.

"तीन-शून्य." मग जरा थांबून म्हणाले, "शिटी वाजली."