कार्पेट एरिया, पॅरिस

पॅरिसच्या जुन्या भागात घर जेवढं लहान, तेवढी त्याची फाईल जाड. आमचं घर 31.42 चौरस मीटर. फाईल मात्र अशी, की ती ठेवायला घरात जागा कुठे, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

मारे हा गावाच्या अगदी पोटातला भाग. 1964 पासून तो सबंध परिसर वारसा म्हणून जपलाय, त्यामुळे इथलं काही पाडत नाहीत, नवं काही उभं राहत नाही आणि भाव खाली येत नाहीत. अख्ख्या पॅरिसचा सरासरी दर चौरस मीटरला साडेनऊ-दहा हजार युरो धरा. इथे त्याच्या वर. नाशिकहून बाबांनी फोनवर हा आकडा ऐकला, 10.76 ने भागला, रुपये केले आणि फोन आईकडे दिला.

दुसऱ्या दिवशी सावरून त्यांनी मुद्द्याचा प्रश्न विचारला. "कार्पेट की बिल्टअप?"

इथे फ्रेंच लोकांचं कौतुक करायला हवं. जिल कारेझ नावाच्या खासदाराने 1996 साली कायदाच करून घेतला, की फ्लॅट विकताना क्षेत्रफळ लिहून द्यायचं, भिंती, जिने वगळून. लोक तर ते दोन दशांश स्थळांपर्यंत लिहितात! विसाव्या हिश्श्याहून जास्त कमी भरलं, तर वर्षाच्या आत तेवढे पैसे परत मागता येतात. आणि 1 मीटर 80 सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीची जागा मोजायचीच नाही. आमचा पाचवा मजला, वर थेट छप्पर, त्यामुळे एका बाजूला छत उतरत उतरत गुडघ्यापर्यंत येतं. तिथेच पलंग बसतो. म्हणजे आम्ही जिथे झोपतो ती जागा कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही.

"म्हणजे फुकट?" बाबा.

"फुकट."

"मग तसा कोपरा मोठा असलेलं बघ ना!"

बघितली की. एकात शॉवर स्वयंपाकाच्या ओट्याला लागून होता, म्हणजे भाजीला फोडणी घालता घालता आंघोळ उरकावी. एकात संडास घराबाहेर, जिन्याच्या वळणावर, शेजाऱ्यांसोबत सामाईक. आणि एकात एजंट आम्हाला सतराव्या शतकातल्या लाकडी तुळया दाखवत असताना बायकोने पर्समधलं पेन हळूच जमिनीवर ठेवलं. ते क्षणभर थांबलं, मग वळलं, आणि संथपणे, वाटेत कुठेही न अडखळता, खिडकीखालच्या भिंतीला जाऊन टेकलं. एजंटने ते उचललं, रुमालाने पुसलं, बायकोला परत दिलं आणि तुळयांचं पुढे चालू ठेवलं. त्याच्या हातून ते काम पहिल्यांदा होत नव्हतं, एवढं नक्की.

मध्येच एक स्वस्तातली जागा आली. स्वस्त, कारण आत आजी होत्या. फ्रान्समध्ये ही रीतसर पद्धत आहे: थोडी रक्कम आधी द्यायची, मग आजी हयात असेपर्यंत दर महिन्याला ठरलेले पैसे, आणि त्यांच्यामागे घर तुमचं. दक्षिणेत आर्ल गावी 1965 साली एका नोटरीने असाच करार केला. तो 47 चा, घरमालकीण 90 ची, महिना अडीच हजार फ्रँक. बाईंचं नाव झान कालमां. नोटरी 1995 मध्ये वारला, त्याच्या घरच्यांनी हप्ते चालू ठेवले, आणि बाई 1997 मध्ये 122 वर्षं पूर्ण करून गेल्या. जगात इतकं जगल्याची नोंद दुसऱ्या कुणाची नाही. आमच्या आजी 81 च्या. आम्ही धापा टाकत वर पोचलो, तर त्या बाजाराच्या दोन पिशव्या घेऊन आमच्या मागोमाग आल्या आणि "बोंजूर" म्हणून पुढे निघून गेल्या. बायको म्हणाली, "ह्यांच्याशी पैज नको."

शेवटी हे 31.42 वालं पसंत पडलं आणि फाईल सुरू झाली. इमारत 1949 च्या आधीची, म्हणून रंगात शिसं आहे का. 1997 च्या आधीची, म्हणून ॲस्बेस्टॉस. मग वाळवी, वीज, गॅस. नदीच्या पुराचा धोका, कारण 1910 मध्ये सेन 8.62 मीटरपर्यंत चढली होती. आम्ही पाचव्या मजल्यावर असलो तरी सही हवीच. एखाद्या खानदानी स्थळाने घरातले सगळे आजार स्वतःच लिहून द्यावेत आणि वर ऐटीत विचारावं, "आता बोला", तसा सगळा मामला. ऊर्जेच्या परीक्षेत घराला 'एफ' मिळाला होता, म्हणजे 'ए' ते 'जी'मध्ये शेवटून दुसरा. 'जी' असेल तर 2025 पासून नव्याने भाड्याने देता येत नाही, 'एफ'ची पाळी 2028 मध्ये. मग खिडक्या बदलू म्हटलं. तर खिडकीला हात लावण्याआधी वारशाच्या सरकारी आर्किटेक्टची संमती. एक खातं म्हणतं थंडी आत येते, दुसरं म्हणतं येऊ द्या, ती जुनी आहे.

फाईलमधला सर्वांत वाचनीय भाग म्हणजे सोसायटीच्या सभांची तीन वर्षांची इतिवृत्तं. ती विकणाऱ्याने द्यावीच लागतात. इमारतीच्या आतल्या चौकात सायकल कुणी लावली, हा विषय तिन्ही वर्षं आहे. नवी लिफ्ट बसवण्याचाही. तिचा खर्च ज्याला जेवढा उपयोग त्याच्यावर तेवढा पडतो, म्हणजे सगळ्यात जास्त पाचव्या मजल्यावर. तरीही तळमजला दर वर्षी कडाडून विरोधात. पुण्यात वाढलेली बायको पानं उलटता उलटता म्हणाली, "अगदी घरी आल्यासारखं वाटतंय."

प्राथमिक करारावर सही केल्यावर घेणाऱ्याला दहा दिवसांत मन बदलता येतं; विकणाऱ्याला नाही. ते दहा दिवस आम्ही रोज रात्री मन बदललं आणि रोज सकाळी परत आणलं. त्यानंतर महापालिकेची पाळी. विक्रीची खबर तिला द्यावी लागते, आणि दोन महिन्यांत ती म्हणू शकते, की हे घर आम्हीच घेतो.

"महापालिका घर विकत घेते?" बाबा.

"घेऊ शकते."

"आमची फक्त पाडते."

तिने घेतलं नाही. राहिला नोटरी, म्हणजे सरकारने नेमलेला अधिकारी. त्याच्या नावाने सात-आठ टक्के जातात, पण त्यातला मोठा वाटा कराचा, हे तो स्वतः दुःखाने सांगतो. खरेदीखत तो मोठ्याने वाचतो. आधीचे मालक, त्यांच्या आधीचे मालक, गटारावरून जाण्याचे हक्क, शिसं, वाळवी, सगळं. आमच्यासाठी दुभाषी बसवला होता, त्यामुळे वाळवी दोनदा ऐकली. मग पडद्यावर बोटाने सही आणि किल्ल्यांचा जुडगा.

त्याच संध्याकाळी मोठी बॅग उचलत, दर मजल्याला बसत वर निघालो. तळमजल्याचं दार किलकिलं झालं. एक गृहस्थ बाहेर आले, आमच्याकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं, वर जाणाऱ्या जिन्याकडे पाहिलं.

"बोंजूर मस्य. बोंजूर मादाम," ते म्हणाले. "तुम्ही लिफ्टच्या विरोधात आहात ना?"