ईशान्येचा धबधबा

सिंगापुरातील शाळांना जून महिन्यात चार आठवडे सुट्टी असते, ही बाब आमच्या नऊ वर्षांच्या नातवाइतकीच आम्हालाही प्रिय आहे. यंदा मात्र नवतपा आटोपून कूलर अजून खिडकीतच असताना पावसाने जी झड धरली, ती चार दिवस सुटली नाही. पहिल्या दिवशी सकाळी तर्री पोह्यांची बशी रिकामी करून चिरंजीवांनी विचारले, "आजोबा, पाऊस असला की तुम्ही इनडोअर ॲक्टिव्हिटी कोणती करता?"

बासष्ट वर्षांच्या नागपुरी वास्तव्यात हा प्रश्न मला कोणीही विचारलेला नव्हता. पाऊस लागला की भजी तळायची आणि लाइट गेली की आडवे व्हायचे, एवढाच कार्यक्रम आमच्या पिढीला ठाऊक होता.

त्याचेही चुकत नव्हते. त्याचे गाव विषुववृत्तापासून दीडशे किलोमीटरही दूर नाही. वर्षातले सुमारे 170 दिवस तिथे पाऊस पडतो आणि त्या बेटाने पावसाशी कायमचा तह करून ठेवलेला आहे. दुपारी गडगडाट झाला की माणसे ग्रंथालयात, नॅशनल गॅलरीत, नाहीतर 'गार्डन्स बाय द बे'मधल्या काचेच्या गारेगार घुमटांत शिरतात, आणि बहुधा तास-दोन तासांत आभाळ मोकळेही होते. चांगी विमानतळाला लागून 2019 साली उघडलेल्या 'ज्वेल' या इमारतीचे वर्णन तर त्याने हातवारे करून ऐकवले. तिच्या काचेच्या छताला मधोमध भोक ठेवलेले असून त्यातून 40 मीटर खाली पाणी कोसळते, आणि तो म्हणे जगातला सर्वांत उंच इनडोअर धबधबा आहे. बाहेर पाऊस आहे म्हणून आत जायचे आणि आत जाऊन पडणारे पाणीच बघायचे, हा प्रकार माझ्या पचनी पडला नाही. पण गावाची इभ्रत राखणे भाग होते.

म्हणून मी त्याला रेनकोट चढवून ऑटोने अजब बंगल्यावर नेले. 1863 साली स्थापन झालेले हे संग्रहालय त्याच्या ओळखीच्या कुठल्याही इमारतीपेक्षा जुने आहे, हे मी वाटेत तीनदा सांगितले. ते सोमवारी बंद असते, हे मात्र कुलूपबंद फाटकासमोर उभे राहिल्यावर आठवले, आणि त्या दिवशी अर्थातच सोमवार होता.

दुपारी चिंचोके फरशीवर घासून त्यांची एक बाजू पांढरी केली आणि खडूने अष्टचंगाचा पट आखला. चार पांढरे पडले की चंग आणि चारही काळे पडले की अष्ट, हे त्याला एका मिनिटात कळले. नियमांवरून आजीशी भांडावे कसे, हे त्याहीपेक्षा लवकर कळले. संध्याकाळी लाइट गेली, आणि त्याच अंधारात दिवाणखान्यातून पहिला 'टण्' असा आवाज आला.

आमच्या स्लॅबचा ईशान्य कोपरा गेली सहा वर्षे गळतो. वास्तुशास्त्रात पाण्याची जागा ईशान्येलाच सांगितलेली असल्यामुळे शेजाऱ्यांनी त्याबद्दल माझे अभिनंदन केलेले आहे. मिस्त्री उन्हाळ्यात म्हणतो, "गळते कुठे ते पावसात दिसेल, साहेब," आणि पावसात म्हणतो, "आधी स्लॅब वाळू द्या." या दोन वाक्यांच्या मध्ये वर्षाचे बारा महिने आरामात मावतात. मी ओशाळून परात सरकवली, नातवाने मात्र टॉर्च वर धरला आणि म्हणाला, "आजोबा, तुमच्याकडे पण आहे!"

पुढचे तीन दिवस त्याला दुसरे काही सुचले नाही. परातीत थेंब टण् वाजतो, पातेल्यात टप् वाजतो आणि पितळेच्या गुंडात तळाशी दोन बोटे पाणी साचल्यावर खोल, भारदस्त 'डुबुक' असा आवाज येतो, हे त्याने शोधून काढले. कोणते भांडे किती मिनिटांत भरते, याची नोंद त्याने माझ्या किराण्याच्या वहीत पानभर केली. हिला कणीक मळायला परात हवी होती, तर तिला थेंबांचा वेग कमी होईपर्यंत थांबायला सांगण्यात आले, आणि आश्चर्य म्हणजे ती थांबली. हेच मी सांगितले असते तर त्या दिवशी पोळ्याच झाल्या नसत्या. दोरीवर चार दिवस न वाळलेल्या कपड्यांना त्याने पडदे ठरवले आणि शेजारच्या दोन पोरांना बोलावून कोपरा दाखवण्याचे पाच-पाच रुपये घेतले. स्लॅबने मला मिळवून दिलेले हे पहिले उत्पन्न, तेही त्यानेच ठेवून घेतले.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्याचा व्हिडिओ कॉल आला. शाळा सुरू झाली होती, येताना 'ज्वेल'चा धबधबा पुन्हा पाहिला होता, पण त्यावर तो फारसे बोलला नाही. माझ्या मागे टपटप चालू होती, मान वाकडी करून त्याने स्क्रीनच्या कडेला पाहिले आणि तिकडून जोरात ओरडला, "आजोबा, तिथे बादली कोणी ठेवली? तिथे गुंड पाहिजे!"