ओसीआय, नवा पासपोर्ट आणि व्हॉट्सॲपवरचे कायदेपंडित

दिवाळीची किंवा मे महिन्याची तिकिटं काढायची वेळ आली की आमच्या बाणेरच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. ‘ओसीआयवाल्यांनी इकडे लक्ष द्या! पासपोर्ट नवा झाला की कार्डही नवं काढावंच लागतं, नाहीतर विमानात बसू देत नाहीत. सगळ्यांना कळवा.’ (ओसीआय म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’, परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारतात व्हिसाविना ये-जा करू देणारं कार्ड.) पाठोपाठ कुणाच्या तरी मावसभावाला परदेशातल्या काउंटरवर अडवल्याची गोष्ट येते. साल नाही, विमान कंपनी नाही, मावसभावाचं वय नाही. तरी अर्ध्या सोसायटीची कपाटं उघडली जातात, फायली बाहेर येतात आणि संध्याकाळी कुणीतरी ‘एक चांगला एजंट आहे’ म्हणून नंबर टाकतं.

मी आता या विषयावर जरा कडक झाले आहे. ओसीआयचा नियम आज जेवढा त्रास देतो, त्याच्या कितीतरी पट त्रास हा मेसेज देतो, असं माझं मत आहे. नियम २०२१ साली बदलला. मेसेज अजून जुनाच फिरतोय.

मेसेज अगदी हवेतून आलेला नाही, हेही सांगायला हवं. आपल्या घटनेच्या कलम ९ नुसार दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपण होऊन घेतलं की भारताचं जातं. त्यावरचा तोडगा म्हणून ओसीआय आलं. पहिली कार्डं जानेवारी २००६ मध्ये हैदराबादच्या प्रवासी भारतीय दिवसात दिली गेली. आज अशी कार्डं असलेले ५० लाखांहून जास्त लोक आहेत, आणि औंध-बाणेर-कोथरूडकडे बघितलं तर त्यातले निम्मे इथेच राहतात की काय असं वाटतं. कुणाचा मुलगा न्यू जर्सीत, कुणाची सून जर्मन, कुणी आमच्यासारखे परत आलेले आणि मुलं निळा अमेरिकन पासपोर्ट घेऊन इथल्या शाळेत जाणारी.

त्या सुरुवातीच्या काळात खरोखरच जाच होता. विसाव्या वर्षापर्यंत प्रत्येक नव्या पासपोर्टला नवं कार्ड, पन्नाशीनंतर पुन्हा एकदा नवं कार्ड. शिवाय तेव्हा आयुष्यभराच्या व्हिसाचा ‘यू’ स्टिकर परदेशी पासपोर्टावर चिकटवलेला असायचा. तो पासपोर्ट संपला तरी स्टिकरसाठी तो घेऊन फिरावं लागे. जुना आणि नवा पासपोर्ट रबरबँडने एकत्र बांधून पर्समध्ये ठेवणाऱ्या बायका मी कितीतरी बघितल्या आहेत. अडवलं जाण्याची भीती त्या दिवसांतली आहे आणि तेव्हा ती रास्त होती. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे ओसीआयवाल्यांचा व्हिसाविना प्रवासच काही काळ थांबवला गेला, त्यात लोक आणखी पोळले.

मग मार्च २०२१ मध्ये जुना पासपोर्ट सोबत बाळगण्याची अट काढून टाकली. त्यानंतर १५ एप्रिल २०२१ ला गृह मंत्रालयाने जाहीर केलं की कार्ड नव्याने काढायचं ते आयुष्यात एकदाच: वयाची वीस वर्षं पूर्ण झाल्यावर जो पहिला नवा पासपोर्ट मिळेल तेव्हा. आणि ज्यांनी ओसीआयच विशीनंतर घेतलं, त्यांनी तेही करायचं नाही. म्हणजे माझ्या पिढीतले जे लोक नोकरीला म्हणून गेले, तिशी-पस्तिशीत तिकडचे नागरिक झाले आणि मग ओसीआय घेतलं, त्यांना पासपोर्ट बदलला म्हणून नवं कार्ड कधीच काढायचं नाहीये. कार्डावर जुन्या पासपोर्टचा क्रमांक आहे? असू दे. चालतो.

कार्ड नव्याने काढणं आणि कागद चढवणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि ग्रुपवरचा सगळा गोंधळ इथेच होतो. वीस वर्षांपर्यंतच्या मुलांच्या बाबतीत प्रत्येक नव्या पासपोर्टनंतर आणि पन्नाशी पूर्ण झालेल्यांच्या बाबतीत फक्त एकदा, नव्या पासपोर्टची प्रत आणि ताजा फोटो सरकारी पोर्टलवर चढवायचा. पासपोर्ट हातात आल्यापासून तीन महिन्यांत. पैसे शून्य. कुठे जायचं नाही, कुरिअर करायचं नाही, कार्ड परत द्यायचं नाही. पोच ई-मेलने येते. ती पोच येईपर्यंतच्या काळात प्रवासाला बंदी नाही, हे मंत्रालयाच्या त्याच पत्रकात लिहिलेलं आहे. आणि एकवीस ते पन्नासच्या मधल्यांनी, विशीनंतरचं ते एकदाचं कार्ड झालं असेल किंवा लागूच नसेल, तर काहीही करायचं नाही. पुन्हा लिहिते, काहीही नाही. पस्तिशीच्या माणसाकडून ‘ओसीआय अपडेट’ या नावाखाली काही हजार रुपये मागणाऱ्या एजंटला मी स्वतः फोनवर विचारलं की अपडेट म्हणजे नेमकं काय करणार? तो म्हणाला, “मॅडम, सिस्टीममध्ये टाकावं लागतं.” मी विचारलं, कुठल्या सिस्टीममध्ये? त्यावर नेटवर्क गेलं.

वयाच्या या आकड्यांमागचं कारण सरकारने दिलेलं आहे. विशीपर्यंत चेहरा बदलत जातो आणि पन्नाशीनंतर पुन्हा बदलतो. पहिलं मान्य. दुसरं ऐकून मी थोडा वेळ गप्प होते.

आता मुलांचं गणित बघा, कारण खरी गंमत तिथे आहे. अमेरिकन पासपोर्ट सोळाच्या आत काढला तर पाच वर्षांचा मिळतो, सोळानंतर दहा वर्षांचा. समजा, मुलीचा पासपोर्ट पंधराव्या वर्षी झाला. तो विसाव्या वर्षी संपणार. विसावा वाढदिवस उलटल्यावर नवा काढला तर तो विशीनंतरचा पहिला पासपोर्ट, म्हणजे कार्डही नवं काढायचं. पण तिने सहा महिने आधी, एकोणिसाव्या वर्षीच काढला, तर तेव्हा फक्त पासपोर्ट आणि फोटो चढवायचा, आणि कार्डाची पाळी येणार थेट तिशीजवळ, पुढच्या पासपोर्टच्या वेळी. सोळाव्या वर्षी काढलेल्याचा संपणार सव्विसाव्या वर्षी, तर कार्ड सव्विसाव्या वर्षी. म्हणजे ‘वीस झालं की कार्ड बदला’ हेही अर्धवटच. वीस झालं की पुढच्या पासपोर्टची वाट बघा, मग बदला. तोवर ती मुलगी शिकागोत नोकरी करत असेल आणि आईबाबा इथे पाषाणला बसून ‘अगं, तुझं ओसीआय’ म्हणून तिच्या मागे लागलेले असतील. पण तारीख लक्षात ठेवायची ती तिने. मुलं विशी-पंचविशीची झाल्यावरही आपण त्यांच्या फायली सांभाळतो ही आपल्याकडची खास सवय आहे, आणि मला ती फारशी कौतुकाची वाटत नाही.

इथे राहणाऱ्या मुलांच्या आईबापांना पासपोर्टसाठी मुंबईची वारी टळत नाही. सोळाखालच्या मुलाचा अमेरिकन पासपोर्ट म्हटला की आईवडील दोघांची संमती लागते, म्हणजे शक्यतो दोघंही बीकेसीच्या वकिलातीत हजर, आणि एक्स्प्रेसवेवर घाटात अडकलेल्या गाडीत कुढत बसलेला शाळकरी मुलगा. त्यापुढे पोर्टलवर दोन फायली चढवणं म्हणजे काहीच नाही. तरी बहुतेकांचं राहतं ते नेमकं तेच. पासपोर्ट आला की ‘झालं एकदाचं’ म्हणून फाइल बंद होते. तो पासपोर्ट कपाटात जायच्या आधी, त्याच संध्याकाळी, चढवून टाका. तीन महिने उलटून गेले असतील तर रडत बसू नका, आज रात्री चढवा.

सगळ्यात वेगळा नियम आहे तो परदेशी सुनांना आणि जावयांना. भारतीय नागरिकाशी किंवा ओसीआयधारकाशी लग्न झालं म्हणून ज्यांना कार्ड मिळालं, त्यांनी वय काहीही असो, प्रत्येक नव्या पासपोर्टला पासपोर्ट आणि फोटोबरोबर आणखी एक गोष्ट द्यायची: आमचं लग्न अजून टिकून आहे, असं लेखी निवेदन. आमच्या शेजारच्या काकूंना हे त्यांच्या सुनेकडून कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, “हे इथल्या जोडप्यांकडूनही दर दहा वर्षांनी लिहून घ्यायला हवं.” काका पेपर वाचत होते, त्यांनी मान वर केली नाही.

गंमत सोडा, त्यामागचं कारण मला पटतं. त्या व्यक्तीचा हक्कच लग्नातून आलेला आहे आणि घटस्फोट झाला तर नोंदणी रद्द होऊ शकते असं नागरिकत्व कायद्याच्या कलम ७ड मध्येच आहे. पण वीस-पंचवीस वर्षं संसार केलेल्या बाईकडून पुन्हा पुन्हा तेच लिहून घेणं जरा रुक्ष वाटतं. काही वर्षांनंतर ही अट गळून पडायला काय हरकत आहे?

आता प्रत्यक्ष कामाचं थोडं. पत्ता ओसीआयसर्व्हिसेस डॉट गव्ह डॉट इन, दुसरा कुठलाही नाही. नावात ओसीआय असलेली आणि पैसे मागणारी खाजगी पानं शोधात वर येतात, तिकडे जाऊ नका. पोर्टलचं नवं रूप मे २०२५ मध्ये आलं. कार्ड, जुना पासपोर्ट आणि नवा पासपोर्ट समोर घेऊन बसा. फोटोचं मात्र लक्षात ठेवा. पुण्यातल्या कुठल्याही स्टुडिओत जाऊन ‘पासपोर्ट फोटो’ म्हटलं की ३५ बाय ४५ मिलिमीटरचा उभा फोटो हातात ठेवतात. इथे चौरस लागतो, ५१ बाय ५१, म्हणजे दोन इंच बाय दोन इंच. अमेरिकन पासपोर्टचाही तोच असतो, त्यामुळे त्याच बैठकीत काढलेली सॉफ्ट कॉपी मागून घ्या. आणि पासपोर्टचं पान झेरॉक्सवाल्याकडे नेऊन स्कॅन करणार असाल तर नंतर त्याच्या कॉम्प्युटरवरून फाइल पुसायला सांगा. अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या एखाद्या दुकानाचा डेस्कटॉप बघितला तर निम्म्या पुण्याची आधार कार्डं तिथे नांदत असतात.

कार्डच नव्याने काढायचं असेल तर मात्र ते काम जरा मोठं. त्याला परदेशात २५ डॉलर आणि भारतात १४०० रुपये फी आहे, आणि पुण्यात राहणाऱ्यांचा अर्ज मुंबईच्या एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, सीएसएमटीजवळ झेवियर्स कॉलेजच्या मागे. डेक्कन क्वीनने जाऊन येण्यासारखं आहे. जुनं कार्ड देऊन टाकण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंची रंगीत प्रत ठेवा. बारावीची मुलं असलेल्यांनी तर नक्कीच, कारण ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने ओसीआय मुलांना नीट-जेईईत एनआरआय जागांपुरतं ठेवलं, पण त्या तारखेआधी नोंदणी झालेल्यांचे आधीचे हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कायम ठेवले. मूळ नोंदणीची तारीख दाखवता येणं याला त्यामुळे किंमत आहे.

माझी खरी तक्रार काउंटरपलीकडच्या लोकांबद्दल आहे. एका बँकेत केवायसीला गेले, तर समोरची मुलगी म्हणाली, “मॅडम, कार्डावरचा पासपोर्ट नंबर मॅच होत नाही, नवीन कार्ड आणा.” मी म्हटलं, नियमाने मला नवं कार्ड लागतच नाही. ती म्हणाली, “बाकी सगळे आणतात.” मी फाइलमधून १५ एप्रिल २०२१ च्या पत्रकाची प्रिंट काढून पुढे ठेवली. ती घेऊन ती आत गेली, बऱ्याच वेळाने बाहेर आली आणि म्हणाली, “सर म्हणतायत, चालेल.” तेव्हापासून ती प्रिंट माझ्या पर्समध्ये कायम असते. तिला राग येण्यासारखं मी काही बोलले नाही, तिला कुणी शिकवलंच नव्हतं. नियम सोपा केला, पण तो बँकेच्या काउंटरपर्यंत, विमान कंपनीच्या चेक-इनपर्यंत पोचवायचं काम कुणाचं? पहाटे तीन वाजता चार बॅगा आणि झोपलेलं मूल घेऊन उभ्या असलेल्या बाईचं ते नसावं. म्हणूनच नियमाने गरज नसताना मी जुना पासपोर्टही बरोबर ठेवते. बरोबर असण्यापेक्षा विमानात बसणं मला जास्त महत्त्वाचं आहे.

आणि सरकारला एक सूचना. आमचा ई-मेल तुमच्याकडे आहे, जन्मतारीख आहे, पासपोर्ट कधी संपतो तेही आहे. मग तो संपायच्या सुमारास प्रत्येकाला दोन ओळींची मेल पाठवा: तुम्हाला हे करायचं आहे, किंवा तुम्हाला काहीच करायचं नाही. यातली दुसरी मेल जास्त उपयोगी पडेल. अर्धे एजंट त्या एका मेलने घरी बसतील.

तोवर कमेंटमध्ये विचारा, मला माहीत असेल तेवढं सांगेन. वय, ओसीआय कितव्या वर्षी घेतलं आणि नवा पासपोर्ट कधीचा, एवढंच लिहा. लग्नानंतर नाव बदललं असेल किंवा कार्ड हरवलं असेल तर ते प्रकरण निराळं, त्याला नव्या कार्डाचाच अर्ज लागतो, तेही आधीच सांगा. आणि कृपा करून कमेंटमध्ये पासपोर्टचा फोटो टाकू नका. मागच्या पोस्टखाली एका आजोबांनी सगळ्या कुटुंबाचे टाकले होते, वर ‘बघून सांगावे’ अशी ओळ.