जिद्द भरपूर आहे हो, रजा मिळत नाही

लेखात म्हटलंय की नोकरी सांभाळून शिकणारी मोठी माणसं मधेच सोडतात कारण जिद्द कमी पडते. हे काय पटलं नाही बुवा. मी चाळिशीनंतर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए केलं (१९८९ पासून चालू आहे ते, माझ्यासारखे ढिगाने शिकलेत), आमच्या बॅचला एसटीचे कंडक्टर, पोलीस, अंगणवाडी सेविका, सुना आलेल्या बायका, सगळे होते आणि जिद्द म्हणाल तर कॉलेजच्या पोरांपेक्षा जास्तच. अडतं कुठे, तर संपर्क सत्र (म्हणजे मुक्त विद्यापीठाचे समोरासमोरचे वर्ग) रविवारी आणि अंगणवाडीवालीला पल्स पोलिओची ड्युटी पण नेमकी रविवारीच, आता बिचारीने करायचं काय? तिला मुख्यसेविका (अंगणवाड्यांवर देखरेख करणारी) व्हायचं तर पदवी लागतेच, म्हणजे हौस म्हणून कोणी येत नाही इथे. बायकांचं तर विचारूच नका, घरी पाहुणे आले की पुस्तक मिटलं, असाइनमेंट लिहायच्या त्या रात्री भांडी झाल्यावर. माझे साहेब तर परीक्षेची रजा मागितली की म्हणायचे आता या वयात डिग्री घेऊन काय कलेक्टर होणार का 😀 लेखकाने एकदा परीक्षेच्या सीझनला ऑफिसांमधून रजेचे किती अर्ज नामंजूर होतात तेवढं विचारून यावं.