टाकी भरू द्या म्हणे!

काही दिवसांपूर्वी एका संध्याकाळी धाकट्या बहिणीकडे गेले होते. बाळ बारा दिवसांचं. पाळण्यात पडल्या पडल्या मूठ तोंडात कोंबत होतं, मान इकडून तिकडे वळवत होतं, ओठ चाटत होतं. म्हटलं, "अगं, भूक लागलीय त्याला, घे की." तर हिनं मोबाइल वर करून टायमर दाखवला. "ताई, अजून ४० मिनिटं आहेत." आणि हे बोलताना तिचा गाऊन पुढून दोन्ही बाजूंनी ओला झालेला. दूध गळून कपड्यात जिरतंय, लेकरू मूठ चोखतंय आणि आई घड्याळ बघतेय!

चौकशी केली तेव्हा कळलं, मावशीनं एक फॉरवर्ड पाठवला होता. 'नव्या आईसाठी ७ सोनेरी नियम'. खाली 'अनुभवी डॉक्टरांचा सल्ला' असं लिहिलेलं, डॉक्टरांचं नाव कुठेच नाही. तो माझ्याकडेही दोन ग्रुपांतून येऊन गेला होता. मी न वाचताच पुसला, तेव्हाच वाचून काहीतरी बोलायला हवं होतं. मी डॉक्टर नाही. दोन मुलं अंगावर पाजून वाढवलीत, पहिल्याच्या वेळी अशाच सल्ल्यांनी रडकुंडीला आले होते, आणि तेव्हापासून या विषयावर हाताला लागेल ते वाचते. एवढंच माझं भांडवल.

दुसरा नियम आधी घेते, कारण तो टायमर त्यातूनच आला. "दर ३ तासांनीच पाजा. मध्ये पाजल्यास स्तन रिकामे राहतात व बाळाचे पोट भरत नाही. टाकी भरू द्या, मग नळ सोडा."

टाकी आणि नळ! वाचायला किती सोपं. पण टाकीत पाणी बाहेरून येतं, दूध तिथल्या तिथे बनतं, आणि ते बनण्याचा वेग स्तन किती भरलेत त्यावर ठरतो. भरत आले की वेग मंदावतो, उपसा झाला की वाढतो. बाळ ओढायला लागलं की आईच्या शरीरात दोन संप्रेरकं (हार्मोन्स) कामाला लागतात: प्रोलॅक्टिन दूध बनवायला लावतं आणि ऑक्सिटोसिन ते पुढे ढकलतं. पान्हा फुटतो तो या ऑक्सिटोसिनमुळे. दूध तासन्‌तास तुंबवून ठेवलं तर शरीराला निरोप जातो की एवढं नको आहे, कमी करा. पहिल्या काही आठवड्यांत, जेव्हा शरीर पुढच्या महिन्यांचा अंदाज बांधत असतं, तेव्हा हा निरोप रोज आठ वेळा पाठवायचा आणि मग दीड महिन्यानं म्हणायचं, हिला दूधच कमी!

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००६ साली 'पीडिॲट्रिक्स' या नियतकालिकात एक अभ्यास छापला. एक ते सहा महिन्यांची ७१ बाळं, सगळी फक्त अंगावर पिणारी, सगळी छान वाढणारी. २४ तासांत बाळ किती वेळा पितं आणि किती, हे त्यांनी वजन करून मोजलं. एका बाजूला एकदा पाजणं म्हणजे एक असं धरून सरासरी ११ वेळा. पण सरासरी सोडा, टोकं बघा: कुणी ६ वेळा, कुणी १८ वेळा. दिवसाचं दूध सरासरी ७८८ ग्रॅम, पण एखादं बाळ ४७८ ग्रॅमवर खूश आणि दुसऱ्याला १३५६ लागतात. जास्त वेळा पिणारं बाळ जास्त दूध पितं असंही निघालं नाही. प्रत्येक आईची साठवण वेगळी आणि प्रत्येक बाळाचा वकूब वेगळा. (साठवणीचा आकाराशी फारसा संबंध नाही. आकार बराचसा चरबीचा असतो.) आणि या फॉरवर्डवाल्यांनी बघावा असा आकडा: बाळं एका वेळी स्तनातलं सरासरी ६७ टक्केच दूध पितात. म्हणजे पिऊन झाल्यावरही साधारण एक तृतीयांश आत असतंच. ती रिकामी टाकी, जिची एवढी भीती घातलीय, ती एरवी होतच नाही. संशोधकांनी शेवटी लिहिलंय ते हेच की घड्याळ किंवा सरासरी बघू नका, दिवसा-रात्री बाळ मागेल तसं पाजा.

आता नाइलाजानं एक कबूल करते. ३ तास हा आकडा हवेतून आलेला नाही. पहिल्या दिवसांत बाळ फार झोपाळू असेल, कावीळ असेल, वजन कमी असेल, तर डॉक्टर सांगतात की तीन तास होऊन गेले तर झोपेतून उठवून पाजा. म्हणजे यापेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका. कुणीतरी हे उलटं करून ठेवलं, यापेक्षा कमी अंतर नको. एका शब्दाचा फरक, आणि त्यात बाळ उपाशी.

त्या दिवशी टायमरची वाट बघताना काय झालं तेही सांगते, कारण मी पाहुणी म्हणून दहा मिनिटं गप्प बसण्याची चूक केली. बाळ आधी कुरकुरलं, मग रडलं, मग लालबुंद होऊन किंचाळायला लागलं. भूक लागल्याची शेवटची खूण म्हणजे रडणं, पहिली नव्हे. इतकं चिडलेलं बाळ स्तन तोंडात धरूच शकत नाही. जीभ टाळूला लागलेली, पाठ कमानीसारखी. बहीण रडवेली, "बघ, याला माझं दूध आवडतच नाही." मी टायमर बंद केला. बाळाला कपडे काढून तिच्या उघड्या छातीवर नुसतं ठेवलं. दहाएक मिनिटांत ते शांत झालं आणि स्वतःच सरकत सरकत शोधायला लागलं.

तिसरा नियम, "रात्री पाजू नका, आईच्या झोपेत दूध तयार होते." वरच्याच अभ्यासात बहुतेक बाळं रात्री पीत होती आणि दिवसभराच्या दुधात त्या पाजण्याचा मोठा वाटा होता. प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. आईला झोप हवी हे शंभर टक्के खरं, पण ती कमाई दिवसा बाळ झोपलं की करावी आणि लंगोट, ढेकर, कपडे या बाकीच्या कामांना घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी उठवावं.

चौथा नियम वाचून मात्र मला हसू आलं, मग राग आला. "थोडे दूध काचेच्या ग्लासात काढून उजेडात पाहावे. निळसर, पातळ दिसल्यास त्यात ताकद नाही, वरचे दूध सुरू करावे." आईचं दूध सुरुवातीला निळसर, पातळ दिसतंच. पाजणं जसं पुढे जातं तशी त्यातली चरबी वाढते. त्याच स्तनातलं शेवटचं दूध त्याच ग्लासात काढा, दाट आणि पिवळट दिसेल. स्तन जितके भरलेले तितकं सुरुवातीचं दूध पातळ. आता गंमत बघा. नियम २ पाळून तीन तास दूध साठवायचं, मग नियम ४ प्रमाणे त्यातलं पहिलं चमचाभर ग्लासात काढायचं, आणि ते पातळ आहे म्हणून डब्याचं दूध आणायचं. डब्याचं दूध पोटात गेलं की बाळ तेवढं कमी ओढणार, कमी ओढलं की कमी बनणार. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही, पण मुद्दाम करायचं असतं तर याहून वेगळं काय केलं असतं? जागतिक आरोग्य सभेनं १९८१ साली आईच्या दुधाच्या पर्यायांच्या जाहिरातीवर आंतरराष्ट्रीय संहिता केली, ती आईच्या मनात असलीच शंका पेरणाऱ्या जाहिराती रोखायला. आता जाहिरात लागतच नाही, आपणच एकमेकींना पाठवतो.

बाकीचे भराभर.

"पहिल्या दोन दिवसांचे पिवळे दूध जुने असते, पिळून टाका." तो चीक आहे. थोडाच येतो, कारण एका दिवसाच्या बाळाला एका वेळी चमचाभर पुरतो. जंतूंशी लढणारी द्रव्यं त्यात ठासून भरलेली असतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जन्मल्यापासून पहिल्या तासात पाजायला घ्या. पिळून टाका म्हणे!

"उन्हाळ्यात पाणी द्या." नाही. दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं. सहा महिन्यांपर्यंत, कितीही उकाडा असो, वरून पाणी नको. इवलंसं पोट पाण्यानं भरतं आणि रक्तातलं सोडियम धोकादायक इतकं खाली जाऊ शकतं.

"आईला ताप आल्यास किंवा गाठ झाल्यास पाजणे बंद." उलट, एकदम बंद केलं तर गाठ बळावते. साध्या तापात, स्तनाला सूज येऊन आलेल्या तापातसुद्धा, पाजत राहायचं. दुखणं आणि ताप दिवसभरात उतरला नाही तर डॉक्टर. काही मोजके अपवाद आहेत: केमोथेरपी, किरणोत्सारी औषधं, स्तनावरच नागिणीसारखे फोड, बाळाला गॅलॅक्टोसेमिया (दुधातल्या साखरेचा एक घटक शरीराला वापरता न येण्याचा जन्मजात आजार). ते डॉक्टर सांगतील, फॉरवर्ड नव्हे.

सातवा: "सुरुवातीला दुखणारच, भेगा पडल्या की कातडी घट्ट होते, सहन करावे." पहिले काही दिवस तोंड लावताना क्षणभर कळ येते, ते ठीक. पण पूर्ण वेळ डोळ्यांत पाणी येत असेल आणि भेगा पडल्या असतील तर बाळानं नीट धरलेलं नाही. बहिणीचं बाळ सुटलं तेव्हा निपल नव्या लिपस्टिकच्या टोकासारखं तिरपं, चपटं झालेलं. ते नुसतं टोक चावत होतं. बाळाचं पोट आईच्या पोटाला, नाक निपलसमोर. जांभईसारखा मोठा आ होईपर्यंत थांबायचं आणि मग बाळाला स्तनाकडे आणायचं, स्वतः वाकायचं नाही. हनुवटी स्तनात रुतलेली, काळसर भाग वरच्या ओठापाशी जास्त दिसतो, खालच्यापाशी कमी. गाल आत ओढले जात नाहीत, घोट ऐकू येतात. चुकलं तर ओढून काढू नये, करंगळी तोंडाच्या कोपऱ्यात घालून सोडवायचं आणि पुन्हा.

दूध पुरतंय की नाही हे ग्लास सांगत नाही, पंप सांगत नाही, संध्याकाळी बाळ दोन तास चिकटून राहिलं यावरून कळत नाही, दीड महिन्यानं छाती मऊ पडली यावरून तर नाहीच. लंगोट सांगतो आणि वजनकाटा सांगतो. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा तरी ओले लंगोट, फिक्या रंगाची शू. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं, पण दहा ते चौदा दिवसांत जन्माच्या वजनावर परत यायला हवं. लंगोट कोरडे, बाळ मलूल, पाजायला उठतच नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

आणि हो, काहीजणींना दूध खरंच कमी येतं. बाळंतपणात फार रक्तस्राव झालेला, वारेचा तुकडा आत राहिलेला, थायरॉइड, स्तनाची शस्त्रक्रिया. तिथे वरचं दूध लागतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ते तपासून ठरवा, ग्लास उजेडात धरून नको.

दुसऱ्या दिवशी बाळाला दाखवलं. जन्माचं वजन २९०० ग्रॅम, पाचव्या दिवशी २७००, आणि आता २७२०. टायमरचे आठ दिवस त्या २० ग्रॅममध्ये दिसत होते. डॉक्टरांनी पकड बघितली, मागेल तसं पाजा म्हणाले, तीन दिवसांनी परत बोलावलं. वरचं दूध लागलं नाही. पुढच्या आठवड्यात २९६०.

मावशीला फोन केला, चिडूनच. विचारलं, तू आमच्या भावांना दिवसातून किती वेळा पाजायचीस? "मोजलं कुणी गं," म्हणाली, "रडायच्या आत घ्यायचे." मग हा फॉरवर्ड कशाला पाठवलास? "डॉक्टरांचा आहे ना तो."

काल पहाटे चारला बहिणीचा मेसेज होता. "ताई, मगाशी डावीकडे पाजलं की उजवीकडे तेच आठवत नाहीये. चालतं ना?"

चालतं.