कायमचा पत्ता लिहा म्हणे

परवा रात्री साडेनऊला, धो धो पावसात, एका म्हाताऱ्याला स्कूटीवर मागं बसवून मी आपल्या सोलापुरातल्या एका रात्रनिवाऱ्यावर गेलो. कुठल्या ते लिहीत नाही, उगाच माझा पत्ता शोधत येतील. मला निदान पत्ता तरी आहे.

मामा आमच्या नवी पेठेतल्या दुकानाच्या पायरीवर झोपतात. पूर्व भागात कापड विणायच्या मागावर उभं आयुष्य गेलं, कारखाना बंद पडला, कारखान्यातच झोपायचे म्हणून नोकरीबरोबर छप्परही गेलं. कुणाला त्रास नाही. सकाळी शटर उघडायच्या आत पायरी झाडून मोकळी. परवा पायरीवर वीतभर पाणी चढलं आणि हे गठुडं डोक्यावर धरून शटरला चिकटून उभे. म्हटलं चला.

बाहेर बोर्ड हा एवढा मोठा. ‘बेघरांसाठी निवारा. २४ तास खुला.’ आत टेबल, टेबलाला सुतळीनं बांधलेला पेन (हे सुतळीवाले पेन बघितले की माझं डोकं तिथंच फिरतं), आणि मोबाईलमधून मान वर न काढणारा एक गृहस्थ.

“नऊनंतर एंट्री नाही.”

बाहेर चोवीस तास लिहिलंय की. “तो बोर्ड वरून आलाय.” बरं. मग वीस मिनिटं हुज्जत घातल्यावर वेळेचा नियम सुटला आणि खरी गंमत सुरू झाली.

“आधार?”
“नाही.”
“मग झेरॉक्स?”

आधारच नाही तर झेरॉक्स कशाची काढू बे, म्हाताऱ्याची?

ओळखीचा माणूस पाहिजे म्हणाला. मी आहे की समोर. “तुम्ही कोण यांचे?” कुणी नाही. “मग तुमची ओळख कशी धरायची?” म्हणजे नातेवाईक पाहिजे. अहो, नातेवाईक दारात उभे राहिले असते तर हा माणूस इथं कशाला आला असता? मग दारूचा मुद्दा निघाला. प्यालेल्याला घेत नाही म्हणे. मामांनी एक शब्द न बोलता पुढं वाकून त्याच्या तोंडावर फूंऽ करून फुंकर मारली. शेंगाचटणीचा वास टेबलापलीकडं माझ्यापर्यंत आला.

शेवटी त्यानं रजिस्टर ओढलं. नाव, वय, मूळ गाव. आणि चौथा रकाना, कायमचा पत्ता.

मी तो रकाना तीनदा वाचला. म्हटलं, अहो, बेघर आहेत ते. “हो, पण रिकामा सोडता येत नाही.” बेघर निवाऱ्यात! मी म्हटलं लिहा, पायरी, नवी पेठ. तर आईशप्पथ सांगतो, त्या माणसानं विचारलं, “घर नंबर?”

त्याच्या मागं दार अर्धं उघडं होतं. खाटा मोजल्या मी. बारा. पाच रिकाम्या. सहावीवर त्याचं हेल्मेट झोपलं होतं. हेल्मेटचं आधार लिंक असणार. मी बोंबलत होतो तोवर मामा बाजूच्या चादरींच्या गठ्ठ्याची कड दोन बोटांत चोळत होते. मला हळूच म्हणाले, “मिक्स सूत आहे, अण्णा. धुतलं की आकसणार.”

प्रवेश नाही तो नाहीच. “उद्या पोलीस स्टेशनची चिठ्ठी घेऊन या.”

घरी आलो, झोप कसली लागते. नियम वाचत बसलो. 2010 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगून ठेवलंय, लाख वस्तीमागं एक निवारा, बारा महिने, चोवीस तास. 2011 च्या जनगणनेत आपण 9,51,558 होतो, म्हणजे तेव्हाच्याच हिशेबानं नऊ. नऊ राहू द्या, मला एक खाट पाहिजे होती. 2013 च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या सूचनांत तर लिहिलंय की निवाऱ्यात आलेल्या माणसाला आधार, मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड, बँक खातं काढून द्यायला मदत करायची. करायची! मागायचं नाही! आणि कळस म्हणजे आधारवाल्यांच्या कागदपत्रांच्या यादीत मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचा दाखला चालतो. म्हणजे निवाऱ्यात राहिला तर आधार, आणि आधार असेल तर निवारा. सिद्धेश्वर तलावाला फेरी मारल्यासारखं, निघाला तिथंच परत.

आणि हे काय फक्त त्यांचं आहे? माझ्या आईनं चाळीस वर्षं विड्या वळल्या, अंगठ्याच्या रेषा गेल्या. रेशनच्या मशीनला तिचा अंगठा पटत नाही. “पुन्हा लावा, जोरात दाबा.” जिवंत बाई समोर उभी आणि मशीन म्हणतंय मॅच नाही. हयातीच्या दाखल्याला तेच. गॅसचं केवायसी तेच. नळाला पाणी चार-चार दिवसांनी येतं, तेव्हा मात्र कुणी विचारत नाही की बाबा, तू तहानलेलाच कशावरून? ते एक बरंय. बोलून ठेवलं, आता तेही विचारतील.

रात्री दोनपर्यंत माझं हे चालू होतं. बायको ऐकत होती. मग म्हणाली, “वरची खोली रिकामी आहे की. आणायचं होतं.”

मी गप्प. कारण स्कूटी वळवताना ते माझ्या मनात आलं होतं, आणि त्याच्या मागोमाग दुसरं काय आलं ते सांगतो. कोण, कुठला, काही झालं तर, एखादं कार्ड तरी असतं तर. हेच आलं. त्याच खोलीसाठी गेल्या वर्षी एका बिचाऱ्या कॉलेजच्या पोराकडनं मी आधार, दोन फोटो, बापाचा नंबर, पोलीस व्हेरिफिकेशन आणि वर गावाकडचा जामीन मागितला होता. पोरगं घाबरून पळून गेलं. खोली अजून रिकामीच आहे, आत कूलर आणि आंब्याच्या पेट्या. टेबल आणि सुतळीचा पेन तेवढा आणायचा राहिलाय.

मामांना मी शेवटी कुठं सोडलं? एसटी स्टँडवर, कोरड्या बाकावर. काल सकाळी दुकानात आलो तर पायरी झाडलेली. मला बघून हसले, “मिळाली का अण्णा, चिठ्ठी?” चिठ्ठी मलाच आणायचीय हे त्यांच्या लक्षात आहे, मी रात्रभर शिव्या देण्यात विसरलो होतो.

आज चिठ्ठी घेतली. तिथं आधी मलाच विचारलं, तुमचं आधार? दिलं. संध्याकाळी साडेआठलाच नेणार आहे, नऊचं लफडं नको. चार झेरॉक्स पण काढून ठेवल्यात. कशाच्या, ते तिथं गेल्यावर बघू.