ठिपका, वर्णपट आणि अतिनवताऱ्याविषयीचा एक गैरसमज

‘दूरच्या दीर्घिकेत अतिनवतारा सापडल्याच्या बातम्या फोटोतल्या एका ठिपक्यावर रचलेल्या असतात, इतक्या लांबचा एकटा तारा लहान दुर्बिणीतून दिसूच शकत नाही, आज फुटला म्हणतात तो लाखो वर्षांपूर्वीच फुटलेला असतो, आणि घटना खरी असती तर नासाने आधी सांगितले असते,’ अशा आशयाचा संदेश नाशिकमधील व्हॉट्सॲप गटांत फिरतो आहे. एम १०१ दीर्घिकेतील एसएन २०२३आयएक्सएफ हा अतिनवतारा (म्हणजे स्फोट होऊन अचानक प्रचंड तेजस्वी झालेला तारा) समोर ठेवून ही विधाने तपासता येतील.

एका छायाचित्रातील ठिपका हा पुरावा नव्हे, एवढ्यापुरते संदेशकर्त्याचे म्हणणे रास्त आहे. म्हणूनच कोणताही जाणता निरीक्षक तेवढ्यावर थांबत नाही. नवे छायाचित्र त्याच दीर्घिकेच्या जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिले जाते. कॅमेऱ्यातील दोष किंवा वैश्विक किरणाचा आघात असेल, तर पुढच्या छायाचित्रात तो ठिपका ताऱ्यांच्या संदर्भात त्याच जागी उमटत नाही. लघुग्रह असेल, तर तो काही तासांत सरकतो. उरते ती आपल्याच आकाशगंगेतील एखादा रूपविकारी (तेज कमीजास्त होत राहणारा) तारा त्या दृष्टिरेषेत असण्याची शक्यता. एवढे करूनही ट्रान्झिएंट नेम सर्व्हरवर, म्हणजे आकाशात नव्याने दिसलेल्या बिंदूंच्या अधिकृत नोंदवहीत, नोंद होते ती ‘एटी’ या अक्षरांनी, म्हणजे निव्वळ उमेदवार म्हणून. ‘एसएन’ (सुपरनोव्हा, म्हणजे अतिनवतारा) ही अक्षरे वर्णपट, म्हणजे प्रकाशाची रंगांनुसार केलेली फोड, तपासल्यावरच मिळतात, आणि बहुतेक उमेदवारांचा वर्णपट कधी घेतलाच जात नाही, ही गोष्ट संदेशकर्त्याला ठाऊक नसावी. वर्णपटात हायड्रोजन दिसला तर तो अतिनवताऱ्याचा प्रकार २. हायड्रोजन नसून ६१५ नॅनोमीटरच्या आसपास सिलिकॉनची ठळक शोषणरेषा (प्रकाश शोषला गेल्याने पडलेली गडद रेषा) असेल तर प्रकार १ए. रेषांच्या रुंदीवरून द्रव्य सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने बाहेर फेकले जात असल्याचेही कळते.

जपानमधील हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांनी १९ मे २०२३ रोजी एम १०१ मधील हा नवा बिंदू टिपला आणि काही तासांतच स्पेनच्या ला पाल्मा बेटावरील लिव्हरपूल दुर्बिणीने त्याचा वर्णपट घेतला. फुटण्यापूर्वी ताऱ्याने स्वतःभोवती सोडलेल्या वायूच्या अरुंद रेषा त्यात होत्या आणि वर्गीकरण प्रकार २ असे झाले. शोधाची बातमी पसरल्यावर इतरांनी आदल्या रात्रीची आपली छायाचित्रे पुन्हा तपासली, तेव्हा तोच बिंदू त्यांतही मंद स्वरूपात सापडला. एकमेकांशी संबंध नसलेल्या कॅमेऱ्यांत एकच दोष एकाच जागी कसा येईल, याचे उत्तर संदेशात नाही.

लहान दुर्बिणीचा आक्षेप साध्या ताऱ्याच्या बाबतीत बरोबर ठरला असता. हा तारा मात्र कमाल तेजाच्या वेळी शंभर कोटी सूर्यांहून अधिक तेजस्वी होता. त्यामुळे सुमारे २ कोटी १० लाख प्रकाशवर्षांवरूनही त्याची प्रत (तेजस्वितेचे माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद) ११ च्या आसपास पोहोचली, म्हणजे नुसत्या डोळ्यांच्या मर्यादेपेक्षा तो साधारण शंभरपट मंद होता आणि आठ इंची दुर्बिणीच्या आवाक्यात होता. मे महिन्याच्या अखेरीस रात्री दहाच्या सुमारास नाशिकहून एम १०१ उत्तरेस सुमारे ५६ अंश उंचीवर, सप्तर्षींतील वसिष्ठ आणि मरीची यांच्याजवळ असते. शहरातील दिव्यांपासून दूर, पेठ किंवा हरसूलच्या बाजूला गेल्यास पाहणे सोपे जाते. खरी अडचण जूनमध्ये दाटणाऱ्या ढगांची.

प्रकाशाच्या प्रवासकाळाविषयी वादच नाही. शोधाची तारीख म्हणजे प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचून नोंदला गेल्याची तारीख, आणि नावातील वर्षही त्याच अर्थाने दिलेले असते.

नासाच्या घोषणेची वाट या क्षेत्रात कोणी पाहत नाही. एम ८२ या दुसऱ्या दीर्घिकेतील एसएन २०१४जे हा अतिनवतारा २१ जानेवारी २०१४ रोजी लंडनमधील विद्यापीठीय वेधशाळेत स्टीव्ह फॉसी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना ३५ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून सापडला. तोवर तो काही दिवस तेजस्वी होत चालला होता आणि स्वयंचलित सर्वेक्षणांच्या नजरेतून सुटला होता.